चिसोमोचा फोटो

“...पण फोटो बदलला तर लोक पैसे देतील का, माई?”

विचारणारा ऋत्विज. पुण्याचा, जेमतेम तिशीचा. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथल्या गरिबांच्या पोरांसाठी शाळा बांधायच्या म्हणून हा गावोगाव निधी गोळा करत फिरायचा. जीभ अशी गोड, की भल्याभल्या कवडीचुंबकांनी त्याच्यापुढं पाकिटं उघडली होती. प्रवरेकाठच्या आमच्या मठात मात्र तो सकाळपासून नुसता चाचरत होता.

त्याच्या पुढ्यात एका मुलीचा मढवलेला फोटो. सात-आठ वर्षांची असेल. पुढचे दात पडलेले, तरी खदखदून हसणारी.

“ही चिसोमो. आजवर जे काही उभं राहिलं ते हिच्या फोटोवर. उद्या नगरला कार्यक्रम आहे. तिथं व्यासपीठावर ठेवायचाय.”

“मग ठेव की,” आमच्या मठाच्या प्रमुख भागीरथीमाई म्हणाल्या. “इतकं गोड लेकरू. बदलतोस कशाला?”

...

“ती गेली, माई.”

माईंच्या हातातली माळ थांबली.

“कधी?”

“गेल्या साली. तापानं.”

“लोकांना सांगितलंस?”

“नाही. अजून प्रत्येक ठिकाणी म्हणतो, हिला शिकायचंय, हिला मदत करा.”

मला शिसारी आली, खोटं कशाला बोलू? उठून जावं असंच वाटलं. माई मात्र त्याच्याकडं बघत राहिल्या.

“औषध नव्हतं तिथं?”

“शहरात होतं. तिची आई बांधकामावर आली होती माझ्याकडं. पाया पडली. माझ्या बॅगेत पैसे होते, माई... पण ते इमारतीचे. लोकांनी विटांसाठी, सिमेंटसाठी दिलेले. मी तिला म्हटलं, हे दुसरीकडं वापरता येत नाहीत.”

“आणि तुझ्या खिशातले?”



“सुचलंच नाही,” तो म्हणाला. “देवाशपथ माई, तेव्हा सुचलंच नाही...”

आणि ढसाढसा रडायला लागला. एवढा बाप्या माणूस असा रडताना बघवत नाही. मघाची माझी शिसारी कुठल्या कुठं गेली. माझ्यावर अशी वेळ आली तर मला तरी सुचेल का, अशी आता नुसती भीती वाटत होती.

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. भिंतीवर त्यांच्या गुरूंची तसबीर आहे. तिला सकाळीच झेंडूचा ताजा हार घातलेला. तो त्यांनी काढला. गुरूंची तसबीर अशी उघडी मी कधी पाहिली नव्हती.

तो हार माईंनी आणून चिसोमोच्या फोटोला घातला.

ऋत्विज चटका बसल्यासारखा मागं सरकला.

“हे काय केलंत, माई! असा फोटो बघून लोक विचारतील. सगळं बाहेर येईल. कुणी दमडी देणार नाही!”

माईंनी हार फोटोवर नीट बसवला.

“भिंती झाल्यात, वर पत्रा नाही. पोरं उन्हात बसतात. चिसोमोचा धाकटा भाऊ आहे त्यांच्यात. त्यांनी काय पाप केलंय?”

“काहीच नाही.”

“मग मी काय करू? सांगा ना!”

...

“काढू हा हार?”

त्याचा हात फुलांपर्यंत गेला. तिथंच अडला. हसऱ्या पोरीच्या तोंडावर झेंडूच्या दोन पाकळ्या गळून पडल्या.

माईंनी फोटो आणखी त्याच्यापुढं सरकवला.

“काढून बघ,” त्या म्हणाल्या.