वारुळातली गळकी भांडी

पांढरवणच्या देवीचे वारूळ पुरुषभर उंच आहे आणि त्याच्या अंगातून चिनीमातीची पांढरी, वाकडीतिकडी भांडी डोकावतात. कुणाचे पोट सुटलेले, कुणाचा काठ दुमडलेला, कुणाला वारुळाने निम्मे गिळलेले. ‘ही कोणी फोडली हो?’ असे प्रत्येक पाहुणा विचारतो आणि तेच तेच सांगून इथल्या गुरवाचे तोंड दुखते. कोणीही फोडलेली नाहीत.

फार मागे, म्हणे, एका कोरड्या वर्षी हे वारूळ ढासळू लागले. वारूळ पडले की देवी गेली, आणि देवी गेली की गावाने घरेदारे सोडून उठायचे, अशी इथली रीत. गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, नवस बोलला: डोंगरातल्या पांढऱ्या मातीचा, खोट नसलेला कलश देवीला वाहू. बोलायला त्यांचे काय जाते! करायचा होता पुनाजी कुंभाराला.

ती माती महाहट्टी. चाकावर बसेना, सावलीत तडके, भट्टीत कलंडे. पुनाजीने ती गाळली, मळली, शेवटी तिच्यापुढे हात जोडले. इकडे वारूळ खचत होते आणि गावकर रोज दारात येऊन ‘झालो काय रे?’ विचारत होते. गाव उठला तर बोल आपल्यालाच लागणार, ही पुनाजीला धास्ती.

शेवटची भट्टी उघडली तर एकच भांडे उभे होते, तेही कमरेत वाकलेले आणि बुडाला चीर. पुनाजीचे डोके फिरले. ते उचलून तो तरातरा निघाला. देवीपुढे रिकामे भांडे नेऊ नये म्हणून त्याची बायको भागी मागून धावली आणि तिने त्यात पाणी ओतले. त्याने ते वारुळाच्या खचल्या माथ्यावर आदळल्यासारखे ठेवले.

“घे गो बाये! माती तुझी, खोट पण तुझीच. सरळ व्हया असात तर तूच बस चाकार!”

घरी येऊन तो सामान बांधायला लागला. भागी मात्र गुपचूप जाऊन भांडे भरत राहिली. चिरेतून पाणी ठिबकले, माती ओलावली, वाळवीने नवे थर चढवले आणि भांडेच पोटात घेतले, असे सांगतात. कलश धड असता तर पाणी आतच राहिले असते आणि गाव केव्हाच उठला असता.

आजही जत्रेआधी इथले कुंभार गळके भांडेच वाहतात. चीर मुद्दाम पाडायची नाही, ती मातीनेच द्यायची. आणि ही माती कसली कार्टी! नेमकी त्याच दिवसांत भांडी सरळ, गोल, थेंबही न गळणारी निघतात. मग भट्टीपाशी कुंभार कपाळावर हात मारून ओरडतो, “आता तरी वाकडी हो गो बाये!”