धाकटीचे झाकण

त्या राज्यात प्रत्येक भांड्याची कल्हई कधी ना कधी उडत असे, आणि कोणाची कधी उडेल हे कोणालाही आधी सांगता येत नसे. एखाद्या कोऱ्या पातेल्याची वर्षाच्या आत उडे, तर एखादा जुना हंडा पिढी उलटली तरी आतून चांदीसारखा राही. ज्याची उडे, त्या भांड्यातले ताक आधी कळके, मग वरण कडू होई, मग तळाशी हिरवी कड धरे. हिरव्या पडलेल्या भांड्याला कोणी चुलीवर ठेवीत नसे. त्याला मांडणीमागच्या अंधारात उपडे घालीत. उपडे घातलेले भांडे पुन्हा सुलटे झालेले त्या राज्यात कोणी पाहिले नव्हते.

यावर पूर्वजांनी एक सोय लावून दिली होती. राज्याच्या मधोमध एक भट्टी होती. सुगी झाली की प्रत्येक भांडे आपापल्या पोटाच्या मानाने कथील आणून तिथल्या मुशीत टाकी. घंगाळ ओंजळभर टाकी, वाटी कणभर. मग ज्याची कल्हई उडेल त्याने येऊन रांगेत उभे राहायचे. चिमटा त्याला निखाऱ्यांवर धरी, भाता वारा घाली, नवसागराचा पांढरा धूर उठे, आणि भांडे आतून लखलखत बाहेर पडे. तू किती टाकले होतेस, असे भट्टीपाशी कोणी विचारीत नसे.

सोय चांगली होती, सुखाची मात्र नव्हती. भट्टी एक, भाता एक, आणि तोही म्हातारा. त्याला धाप लागे. तो थांबला की रांग थांबे. पुढे कोण आणि मागे कोण यावरून वाट्यांचा खणखणाट चाले. काही भांडी रांगेतच हिरवी पडली, हेही खरे आहे. आणि झाकणांनी आल्या आल्या नेमके तेच सगळ्यांना सांगितले.

झाकणे सीमेपलीकडून आली. गोल, घोटलेली, मधोमध मूठ असलेली. त्यांचे बोलणे मऊ होते. "रांगेत उभं राहणं तुमच्यासारख्यांना शोभतं का?" ती विचारीत. "दर अमावास्येला थोडं कथील आम्हाला द्या. कल्हई उडाली तर आमची शेगडी तुमच्या फळीपाशी येईल. तोवर आम्ही डोक्यावर आहोतच. धूळ नाही, माशी नाही, कोणी आत डोकावणार नाही." पहिल्या वर्षी त्यांनी शब्द पाळला. वरच्या फळीवरची कितीतरी भांडी रांगेत न जाता लखलखीत झाली. मग या भांड्यांनी विचार केला, दोन ठिकाणी कथील का द्यावे? मुशीत काहीच न टाकणाऱ्याला रांगेत जागा नसे, त्याचीही त्यांनी फिकीर केली नाही. मुशीतले कथील कमी झाले. भट्टी मंदावली, भात्याची धाप वाढली, रांग लांबली. आणि लांबलेल्या रांगेकडे पाहून आणखी भांडी झाकणांकडे गेली.

त्याच राज्यात दोन तपेल्या होत्या. एकाच तांब्याच्या पत्र्यातून, एकाच हातोडीखाली, एकीमागून एक घडलेल्या. पहिली ती थोरली, दुसरी ती धाकटी. लहानपणी दोघी एकदा पायऱ्यांवरून गडगडल्या. थोरली खाली आली आणि धाकटी तिच्यावर. धाकटीला ओरखडादेखील आला नाही. थोरलीच्या काठाला पोचा पडला.

त्या पोच्याचे पुढे कित्येक वर्षे कोणाला काही वाटले नाही, थोरलीलाही नाही. मग एके सकाळी एक झाकण दोघींच्या फळीपाशी आले. आधी धाकटीवर बसले. जरासे फिरले, आणि टक् आवाज होऊन घट्ट बसले. मग थोरलीवर आले. डुगडुगले. एका बाजूने उचललेच गेले.

"काठाला पोचा आहे," झाकण म्हणाले.

"लहानपणचा आहे," थोरली म्हणाली. "आतून मी ठणठणीत आहे. बघा हवं तर."

"आत आम्ही पाहत नाही, बाई. आम्ही काठ पाहतो. आधीपासून पोचा असलेल्यांसाठी आमच्याकडे सोय नाही."

"मी खाली होते म्हणून तिला पोचा पडला नाही!" थोरली म्हणाली. पण झाकणाला त्या गोष्टीशी काही कर्तव्य नव्हते.

धाकटी वरच्या फळीवर गेली. तिथे सकाळचे ऊन आधी येई आणि झाकणाच्या मुठीवर पडे. तिथून एक कवडसा निघे, आणि तो रोज न चुकता थोरलीच्या पोच्यावर येऊन थांबे. थोरली त्या कवडशाची वाट पाहू लागली. तो आला की तिला जळजळ होई. ढग असले आणि तो आला नाही, तरी होई. धाकटीत काही उकळू लागले की झाकण खुडखुड वाजे, ते थोरलीला हसल्यासारखे ऐकू येई. धाकटी वरून हाक मारी, "ताई, बरी आहेस ना?" झाकणाखालून येणारा तो आवाज दबलेला, घोगरा असे. थोरली शेजारच्या लोटीला म्हणे, "ऐकलंस? आता तोंड उघडून बोलवतसुद्धा नाही हिला."

"डोक्यावर ओझं असलं की आवाज असाच निघतो," लोटी म्हणे.

"ओझं? मुकुट म्हण, मुकुट."

पुढे थोरलीची कल्हई उडाली. ताक कळकले, आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. रांग हलेना. पुढचा चंबू दिवसभर आपल्या गळ्याचे दुखणे सांगे. मागची परात म्हणे, "सरका की पुढे, का इथंच संसार मांडलाय?" रांगेतून वरची फळी स्पष्ट दिसे. थोरलीच्या तळाशी हिरवी कड धरते की काय अशी वेळ आली होती. तरी तिची नजर स्वतःच्या तळाकडे कमी आणि त्या मुठीकडे जास्त जाई. अखेर तिची पाळी आली. भाता खोकत खोकत म्हणाला, "ये पोरी. थोडं कमी चकाकेल, पण टिकेल." धूर निवळला तेव्हा थोरली आतून पांढरीशुभ्र झाली होती. ती भात्याकडे न पाहता निघाली. रांगेतून आलेली चकाकी तिला चकाकी वाटत नव्हती.

मंदावलेल्या भट्टीचे काय करायचे, यावर त्याच सुमारास सभा बोलावण्यात आली. घंगाळराव वयाने आणि पोटाने सगळ्यांत मोठे, म्हणून ते आधी बोलले. "सगळ्यांचं कथील पुन्हा एका मुशीत पडू दे. नवा भाता आणू, दुसरी भट्टी पेटवू. झाकण हवं त्याने हौसेने ठेवावं, पण कल्हई सगळ्यांची एकाच ठिकाणी होऊ दे. मग झाकणवाल्यांनाही रांगेत जागा मिळेल."

"मी झाकण घेईपर्यंत जन्मात भट्टीची पायरी चढले नव्हते," वरच्या फळीवरचे एक पातेले म्हणाले. "दुसऱ्यांनी चिंच उकळायची आणि त्यांच्या कल्हईसाठी कथील मी का द्यायचं?"

"चढले नव्हते म्हणू नकोस, पातेलेबाई," लोटी म्हणाली. "अजून चढावं लागलं नाही म्हण."

झाकणांचा म्होरक्या शांतपणे म्हणाला, "प्रत्येकाने आपल्या मापाचं झाकण निवडावं. विझत आलेली भट्टी विझू द्यावी. तिच्या धुराने सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात."

निकाल जुन्या रिवाजाप्रमाणे लागायचा होता. भट्टी हवी असेल त्याने रिकामे यायचे, नको असेल त्याने पाणी भरून यायचे. पळी प्रत्येकाला एक टोला देई. रिकामे भांडे वाजे, भरलेले गप्प राही. गप्प राहिलेले जास्त झाले, तर त्यांनी आपापले पाणी भट्टीवर ओतायचे. रिवाजाचे आणखी एक कलम होते: मत द्यायला उघड्या तोंडाने यायचे. झाकण ठेवून आलेल्याचा आवाज धरला जात नसे. म्हणूनच झाकणवाली भांडी सभेला सहसा येत नसत. एकदा झाकण काढले की ते पुन्हा बसायला बांधलेले नाही, असे झाकणांचे म्हणणे होते; भरून येणाऱ्याला तेवढी सूट असे.

निकालाच्या सभेच्या आधी झाकणांचा म्होरक्या थोरलीपाशी आला. "दोन्ही बाजू बरोबरीला आहेत," तो म्हणाला. "तुम्ही भरून आलात, तर तुमच्या पोच्याकडे आम्ही एकदा कानाडोळा करू."

"धाकटीसारखंच झाकण?"

"अगदी तसंच."

तो गेला आणि पळी आली. पळी सगळ्या भांड्यांत उतरायची, त्यामुळे सगळ्यांचे निरोप तिच्याकडे असत. "धाकटीने निरोप दिलाय," ती म्हणाली. "म्हणाली, ताईला सांग, रांगेत माझ्यासाठी जागा धरून ठेव."

थोरली पेटली. "जागा धर? तिच्यासाठी? वरच्या फळीवर बसून माझ्या रांगेची थट्टा करते?"

"थट्टेसारखं वाटलं नाही गं मला. तिच्यात बुडाले की हल्ली माझी जीभ कडू होते."

"तुझी जीभ कडूच आहे."

"असेल बाई. पण मध्यंतरी तिच्याकडे आमसुलाचं सार झालं होतं. तिनं झाकणाला शेगडी आणायला सांगितली, तर ते म्हणालं, आंबट तू आपखुशीने शिजवलंस, त्याला आमचा शब्द नाही."

"तिचं झाकण तिच्यावर रुसलं, तर मी काय रडू?" थोरली म्हणाली. "पायऱ्यांवरून पडताना ती वर होती. अजूनही वरच आहे." पळी निघून गेली. थोरलीने स्वतःला काठोकाठ पाण्याने भरून घेतले.

निकालाची सभा भरली. घडणीच्या क्रमाने एकेक भांडे पुढे येऊ लागले. घंगाळराव घणघणले. पातेले गप्प राहिले. लोटी चिमुकल्या आवाजात वाजली. थोरलीची पाळी आली, पळीने टोला दिला, आणि पाण्यात बुडाल्यासारखा एक मेलेला आवाज निघाला. भात्याने तिच्याकडे पाहिले आणि मान वळवली.

तिच्या मागोमाग धाकटी आली. तिची कोणी अपेक्षा केली नव्हती. पायरीशी येऊन ती थांबली आणि तिने झाकण उतरवले.  काठापासून तळापर्यंत धाकटी हिरवी होती. तळाशी पांढऱ्याचा एक ठिपका तेवढा राहिला होता, आणि तो तिच्या ताईच्या तळाएवढाच पांढरा होता.

ती रिकामी आली होती. पळीने टोला अगदी हलका दिला. तरी ती वाजली. आवाज चिरका होता, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

"ताई," झाकणाशिवाय तिचा आवाज लहानपणीसारखाच निघत होता, "तिकडून रोज तुझी रांग दिसायची. तू एकेक पाऊल पुढे सरकायचीस. इतका हेवा वाटायचा गं मला."

थोरली कलली. तिला पाणी सांडायचे होते. पण दिलेले मत सांडून परत घेता येत नाही, असे घंगाळराव खालच्या आवाजात म्हणाले. उरलेली भांडी आली, वाजली, गप्प राहिली. भट्टी एका आवाजाने हरली. मग रिवाजाप्रमाणे भरून आलेल्यांनी रांग केली, आणि एकेकाने आपले पाणी निखाऱ्यांवर ओतले. पहिल्यांदा वाफ उठली, मग राख, मग काहीच नाही. थोरली ओतायला आली तेव्हा एकच निखारा राहिला होता.

धाकटीला मांडणीमागे नेऊन उपडे घातले. ती थोरलीच्या अगदी मागच्या बाजूला होती. मध्ये फक्त एक फळी होती.

झाकणांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी म्होरक्या झाकण घेऊन आला. "नवं कशाला घडवायचं?" तो म्हणाला. "तुम्ही दोघी एका पत्र्यातल्या. तिचंच तुम्हाला बसेल." झाकण थोरलीवर ठेवले. पोच्यापाशी ते जरासे उचललेले राहिले, बाकी सगळीकडे नीट बसले. थोरलीला वरच्या फळीवर, धाकटीच्या जागेवर नेऊन ठेवले.

थोड्या वेळाने तिच्याखाली चूल पेटली. आतले वरण उकळू लागले, आणि डोक्यावर झाकणाची खुडखुड सुरू झाली. वाफ वर गेली, झाकणाच्या आतल्या बाजूला जमली. तिथे अंधार होता, तरी थोरलीला दिसले. झाकण आतून हिरवे होते. वाफेचा एक थेंब त्या हिरव्यात फुगला, घरंगळत मधोमध आला, आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र पोटात पडला.

बाहेर सकाळचे ऊन मुठीवर आले होते. तिथून एक कवडसा निघाला आणि खालच्या फळीवर, उघड्या तोंडाच्या लोटीवर जाऊन थांबला. लोटी मान वर करून बराच वेळ त्या मुठीकडे पाहत राहिली.