अध्यक्षांचा नारळ

माणसं रग्बी शिकली त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे म्हणतात, तेव्हा खोटी धरायला हरकत नाही.

बोरमाळावरच्या प्राण्यांनी रग्बीचा संघ काढला. पळायला ससे होते, धडकायला रानडुकरं. शिकवायला घोरपड, कारण तिने एकदा धरलं की सुटका नाही. चेंडू एकच, लांबुळका. अध्यक्ष मात्र रेडा, कारण त्याला भाषण येत होतं.

उद्घाटनाला रेडा तासभर बोलला. मग नारळ फोडायची वेळ आली. दगडावर चेंडू होता आणि शेजारी न सोललेला नारळ. रेड्याने न बघताच खूर हाणला. फट्कन आवाज झाला.

"पाणी नाही निघालं. नारळ नासका दिसतोय," रेडा म्हणाला.

"अध्यक्ष, तो चेंडू होता," घोरपड म्हणाली.

"मग सामान नीट ठेवत जा!" असं म्हणून रेडा पेंड खायला गेला.

ससे हिरमुसले. घोरपडीने उरलेला नारळ उचलला. "यानेच खेळू. छातीशी धरायचा आणि मागच्याला द्यायचा. सुटला तर पायावर पडेल."

महिनाभरात एकाच्याही हातून तो सुटेनासा झाला. तोवर शिंपी पक्ष्याने फाटका चेंडू शिवला आणि खारींनी त्यात सावरीचा कापूस भरला.

मग सभा भरली. घोरपडीने झिजलेला नारळ रेड्यापुढे ठेवला. रेड्याने लाजत मान झुकवली.

"अहो, सत्कार कशाला! बरं, शाल कुठंय?"

"शाल नाही, अध्यक्ष," घोरपड म्हणाली. "नुसताच नारळ."