पखवाजाची डावी पुडी

पखवाजाचा भाग कोणास म्हणावे, सांगाल? फार पूर्वी एका देवळातील पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, हा प्रश्न छळू लागला. कीर्तनापूर्वी पखवाज वाजवणारे विश्रामबुवा तिच्यावर ओली कणीक थापत आणि कीर्तन संपताच खरवडून काढत.

"तू घटकाभराची पाहुणी," पुडी कणकेला म्हणाली. "मला चिकटू नकोस."

"बाई, मी नसले तर तुम्ही घुमणार कशा?"

"तोंड सांभाळून बोल."

पुडीची तगमग शमेना. ऐन नामघोषात तिने अंग आकसले. कणीक गळून पडली आणि देवापुढे पखवाज फुटक्या डब्यासारखा वाजला.

"कातडे निकामी झाले," बुवा खिन्नपणे म्हणाले. सकाळी त्यांनी नवी पुडी चढवून तिच्यावर कणीक थापली. जुनी पुडी उकिरड्यावर गेली.