चरखी आणि तिसरा हंडा

फार पूर्वी, समुद्रात एकट्या पडलेल्या एका बेटावर एक कोळी आणि त्याची बायको राहत असत. चहूकडे नजर पोचेल तिथवर पाणी, पण पिण्याजोगं पाणी एकाच विहिरीत, आणि ती विहीर टेकडीच्या पलीकडे.

कोळ्याचा सगळा जन्म हातदोरावर गेला होता. गळाला मासा लागला की दोर हातानेच ओढायचा. वय झालं तशी त्याची बोटं आखडू लागली. सकाळी मूठ उघडायलाही वेळ लागे. एकदा मोठी सुरमई गळाला लागली. दोर बोटांतून सरसर निसटला, तळहात सोलून निघाले आणि मासा गेला.

"माझं दर्यावर जाणं संपलं आता," घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "उद्यापासून किनाऱ्यावर बसायचं आणि दुसऱ्यांच्या होड्या बघायच्या."

बायको त्याच्या तळहाताला तेल लावत होती. "बसाल, आणि दोन दिवसांत माझं डोकं खाल. त्यापेक्षा पलीकडच्या बंदरात तो मिस्त्री आहे ना, चरख्या करणारा, त्याच्याकडे जा. चरखी होडीच्या काठाला बसवायची, मूठ फिरवायची, की दोर गुंडाळला जातो म्हणतात. बोटांना ओढ बसत नाही."

कोळी दुसऱ्याच दिवशी गेला. मिस्त्री म्हातारा होता, फार बोलणारा नव्हता. त्याने फळीवर दोन चरख्या ठेवल्या. एक फणसाच्या लाकडाची, जाडजूड, साधी. दुसरी पितळेची. तिची मूठ एका बोटाने ढकलली तरी ती भिरभिर फिरे आणि हा हा म्हणता दोर आत येई. कोळ्याचे डोळे तिच्यावरून हलेनात.

"मासा कुठला धरता, नाखवा?" मिस्त्रीने विचारलं.

"मिळेल तो. पण सुरमई सोडवत नाही."

"खोली किती?"

"पंधरा-वीस वाव."

"आणि घरात गोडं पाणी किती?"

कोळी हसला. "मिस्त्री, मला मासे धरायचेत, भात नाही शिजवायचा."

"हसा. पण पितळी चरखीच्या पोटात बारीक दाते आहेत. खारं पाणी आत वाळलं की मीठ धरतं आणि चाकं अडतात. किनाऱ्याला लागलं की रोज तिला हंडाभर गोड्या पाण्याने धुवायला हवं. लाकडी चरखी हळू चालते, सुरमईच्या धावेला ती पुरायची नाही. पण फडक्याने पुसली, उंडीचं तेल चोळलं, की झालं."

कोळ्याच्या डोळ्यांपुढे घरातले दोन हंडे आले. इतक्या वर्षांत त्याने ते रिकामे कधी पाहिलेच नव्हते.

"पाणी पुष्कळ आहे आमच्याकडे," तो म्हणाला. आपण खोटं बोलतोय असं त्याला मुळीच वाटलं नाही.

पितळी चरखी घेऊन घरी आल्यावर त्याने बायकोला तिच्या रोजच्या पाण्याचं सांगितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघून "बरं" म्हणाली आणि माळ्यावरचा जुना हंडा काढून घासायला बसली.

त्यानंतर कोळ्याचे दिवस पालटले. मूठ हातात आली की आपली बोटं पुन्हा तरणी झाली असं त्याला वाटे. बेटावरची सगळ्यात मोठी सुरमई त्याच्याच होडीतून उतरू लागली. संध्याकाळी तो गाणं म्हणत घरी येई. दारात भरलेला हंडा तयारच असे. तो चरखीला धुऊन काढी, पुसून उंबऱ्याशी ठेवी आणि जेवायला बसे.

एकदा जेवता जेवता त्याचं लक्ष बायकोच्या अंबाड्याकडे गेलं. "आज फुलं नाही माळलीस?"

"अबोली वाळली," ती म्हणाली. ते झाड न्हाणीच्या मागे होतं, न्हाणीतून वाहून जाणाऱ्या पाण्यावर वाढलेलं. "उन्हाळा आहे."

खरंच उन्हाळा होता. कोळ्याने आणखी भात मागून घेतला.

वैशाखात एके दिवशी वारा फिरला आणि होड्या दुपारीच परत आल्या. कोळ्याला त्या दिवशी हातभर नव्हे, चांगली पुरुषभर लांब सुरमई मिळाली होती. कधी एकदा बायकोला दाखवतो असं त्याला झालं. घरी ती नव्हती. दारात हंडाही नव्हता. मासा खांद्यावर टाकून तो टेकडी चढू लागला. निम्म्या वाटेतच त्याला धाप लागली.

विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. बायका ओळीने बसल्या होत्या आणि एकेक जण आत उतरून करवंटीने पाणी हंड्यात भरत होती. त्याची बायको त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"काय गं, आज तिसरी खेप?" एक शेजारीण म्हणाली. "घरी पाहुणा आलाय की काय?"

"आलाय ना. पितळेचा आहे. त्याला रोज आंघोळ लागते."

सगळ्या हसल्या. शेजारणीने विचारलं, "आणि तुझी आंघोळ?"

"माझी? माझी झाली की परवा."

"अगं, सांगत का नाहीस त्यांना?"

"कसं सांगू? मूठ फिरवताना ह्यांचं तोंड बघितलंस कधी? पूर्वी बोटं धरून कण्हत यायचे. आता गाणं म्हणत येतात."

कोळी झाडामागे उभा होता. खांद्यावरचा मासा एकदम जड झाला.

तो पुढे आला तशा बायका सरकून बसल्या. त्याने मासा खाली ठेवला, बायकोची पाळी येईपर्यंत तिथेच बसला आणि भरलेला हंडा स्वतः उचलला.

"अहो, द्या इकडे. सवय नाही तुम्हाला."

"नको."

टेकडी उतरताना त्याला तीनदा थांबावं लागलं. आखडलेल्या बोटांतून हंडा घसरे, पाणी अंगावर सांडे. बायको मासा घेऊन मागून येत होती. दारात पोचला तेव्हा निम्मंच पाणी उरलं होतं. त्याने ते चरखीवर ओतलं नाही. न्हाणीत नेऊन ठेवलं आणि म्हणाला, "आज तू न्हा."

दुसऱ्या दिवशी पितळी चरखी घेऊन तो मिस्त्रीकडे गेला.

"तुम्ही पाणी विचारलंत, मी पुष्कळ म्हणालो," कोळी म्हणाला. "ते पाणी माझं नव्हतं, मिस्त्री."

मिस्त्रीने चरखी उघडून पाहिली. "एकही दाता अडलेला नाही. हिच्यासाठी कुणीतरी फार जीव आटवलाय." एवढंच बोलून त्याने पितळी चरखी ठेवून घेतली आणि लाकडी चरखी कोळ्याच्या हातात दिली.

आता सुरमई लागली तर सुटून जाई. कोळी गळ तळाशी सोडून, सावकाश ओढता येणारी तांबोशी धरू लागला. बोटं दुखत नव्हती, फक्त वेळ लागे. दुसऱ्या होडीवरून कोणी ओरडे, "नाखवा, चरखी झोपली का तुमची?"

"झोपू दे," तो म्हणे. "ती आंघोळ तरी मागत नाही."

पण तो जुना, तिसरा हंडा परत माळ्यावर गेला नाही. संध्याकाळी तो खांद्यावर घेऊन कोळी टेकडी चढे.

"चरखीला आता पाणी लागत नाही," बायको एकदा म्हणाली. "मग हा हंडा कशाला?"

"तुझ्या न्हाण्याला. उरलेलं वाहत जाईल मागे."

काही दिवसांनी न्हाणीमागच्या अबोलीच्या वाळक्या बुंध्याला दोन कोवळी पानं आली. आधी ती कोळ्यालाच दिसली.

तात्पर्य: एखादी वस्तू घरी आणताना ती आपल्याला काय देईल एवढंच पाहू नये. ती सांभाळायचा भार कोणाच्या डोक्यावर जाणार आहे, तेही आधी विचारून घ्यावं.