लिहिण्याची परवानगी

“तुम्ही परवानगी का दिली नाहीत?”

ऋत्विज कारखानीसने दारातूनच विचारलं. सर्व्हरच्या खोलीत पायातलं काढून यायचा नियम होता. तो बुटांसकट आत आला.

ढवळीकर बाई टेबलाशी बसून एसीच्या तापमानाची नोंद करत होत्या. आकडा लिहून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“मी विचारतोय, बाई. एक माणूस गेलाय.”

“भिवा काटे,” बाई म्हणाल्या. “काटेवस्तीचा.”

ऋत्विज क्षणभर अडखळला. तीन दिवस तो ‘एक माणूस’ असंच म्हणत होता. नाव त्याने पेपरात वाचलं होतं, तोंडाने उच्चारलं नव्हतं. बाईंनी ते इतक्या सहज घेतलं, म्हणून त्याचा राग आणखी चढला.

झालं होतं ते असं. खालच्या शहराला प्यायला पाणी हवं म्हणून मार्चमध्ये धरणातून नदीत पाणी सोडायचं ठरलं. मार्चमध्ये नदी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत काठच्या गावांनी कलिंगडाच्या वाड्या लावलेल्या असतात, माणसं दिवसभर पात्रात असतात. म्हणून दारं उचलण्याआधी पाऊण तास अकरा गावांच्या मोबाइलवर इशारा जायला हवा. तो पाठवणारं वेब अॅप ऋत्विजने बनवलं होतं. नाव जलइशारा. धरणावरचा कर्मचारी बटण दाबतो, पडदा हिरवा होतो, मग दारं उचलली जातात.

त्या दिवशीही पडदा हिरवा झाला. इशारा मात्र एकाही गावाला गेला नाही.

भिवा काटे वाडीत कलिंगडं उतरवत होता. त्याची बायको हौसाबाई भाकरी घेऊन काठावर पोचली होती. तिच्या डोळ्यांदेखत पाणी आलं.

धरणावर तेव्हा येसाजी धोत्रे होता. एकोणीस वर्षांची नोकरी. त्याने बटण दाबलंच नाही, असं कार्यालयाने ठरवून टाकलं. त्याला निलंबित केलं, पोलिसांत दोन दिवस बसवून ठेवलं. तो शपथेवर सांगत होता की दाबलं, हिरवं झालेलं पाहिलं, मगच दारं उचलली. पण पुरावा काय? अॅपने कुठे काही लिहून ठेवलंय का, म्हणून शोधलं. त्या दिवसाचं एक अक्षर नव्हतं.

आज सकाळी कार्यालयाच्या व्हरांड्यात येसाजीने ऋत्विजला गाठलं. ओरडला नाही, हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाला की साहेब, तुमच्या मशीनला माहीत असेल, तिला एकदा विचारा.

तिथून ऋत्विज सरळ या खोलीत आला होता.

“नोव्हेंबरमध्ये मी तुमच्याकडे आलो होतो,” तो म्हणाला. आवाज चढला होता. “अॅपला सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये लिहायचं होतं. काही बिघडलं की तिथे नोंद व्हावी, नोंद दिसली की ड्यूटीवरच्या माणसाने गावांना फोन करावेत. एवढंच मागितलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. आज ती नोंद असती तर येसाजी सुटला असता.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“काटेही वाचला असता.”

“बस,” असं बाई म्हणतील, खुर्ची पुढे करतील, अशी त्याची अपेक्षा होती. पूर्वी त्या तसं करत. बाईंनी तंत्रनिकेतनात बावीस वर्षं शिकवलं होतं. प्रोग्रॅमिंग तो त्यांच्याच हाताखाली शिकला. वर्गात पहिला, आणि आपण पहिले आहोत हे न विसरणारा. निवृत्तीनंतर बाई धरणाच्या विभागीय कार्यालयात सर्व्हर सांभाळायला आल्या. दोन वर्षांनी तोही तिथेच कंत्राटावर लागला. त्या त्याच्या कोडवर हसून नजर टाकायच्या, त्याला ते आवडायचं.

आज खुर्ची पुढे आली नाही.

“तू काय मागितलं होतंस?” बाईंनी विचारलं.

“परवानगी.”

“कसली?”



नोव्हेंबरचा तो दिवस त्याला स्वच्छ आठवत होता. मोठ्या साहेबांसमोर अॅप चालवून दाखवायचं होतं. मध्येच एक बारीक चूक झाली, अॅप ती लॉगमध्ये लिहायला गेलं, सर्व्हरने अडवलं, आणि सगळा पडदा लालभडक होऊन बंद पडला. साहेब हसले. ऋत्विज तणतणत बाईंकडे आला आणि म्हणाला, माझ्या अॅपच्या खात्याला अॅडमिनचे पूर्ण अधिकार द्या, म्हणजे ही कटकट मिटेल.

बाईंनी तेव्हा शांतपणे समजावलं होतं. वेब अॅपचं दार साऱ्या जगाला उघडं असतं, म्हणून ते ज्या खात्यावर चालतं ते खातं मुद्दाम दुबळं ठेवायचं. लॉगमध्ये लिहायला अॅडमिन व्हावं लागत नाही. लॉगमध्ये अॅपचं नाव एकदा नोंदवावं लागतं, तेवढं काम अॅडमिनचं. नाव नोंदलं की दुबळं खातंही लिहू शकतं. तेव्हा एक अर्ज दे. अॅपचं नाव काय, ते काय लिहिणार, आणि लिहिलेलं कोण वाचणार.

वर्गातल्या पहिल्या मुलाकडे अर्ज मागितला होता. त्याला तो अपमान वाटला.

अर्ज त्याने दिला नाही. जागेवर जाऊन त्याने कोड उघडला, लॉगमध्ये लिहिणारी ओळच काढून टाकली, आणि तिच्या जागी अशी सूचना घातली की काही बिघडलं तर गप्प राहायचं आणि पुढे जायचं. पुढची पायरी होती पडदा हिरवा करणं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर अॅप एकदाही अडखळलं नाही.

ही ओळ तीन दिवसांत त्याने उघडून पाहिली नव्हती. पाहायची गरजच नव्हती. ती त्याला पाठ होती.

“पूर्ण अधिकार मागितले होते,” तो शेवटी म्हणाला. “पण तुम्ही निदान नाव तरी नोंदवायचं. अर्ज, अर्ज काय करता? कागदापायी माणूस मेला.”

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्या उठल्या नाहीत. त्यांनी फक्त पडदा त्याच्याकडे वळवला.

इव्हेंट लॉग उघडा होता. डावीकडच्या यादीत, बाकीच्या नावांच्या मध्ये, एक नाव होतं. जलइशारा.

ऋत्विज पुढे वाकला.

त्या नावाखाली पहिली नोंद चौदा नोव्हेंबरची होती. त्याच दिवशीची, संध्याकाळी सव्वापाचची. ‘नाव नोंदवले. अॅपच्या खात्यावरून लिहून पाहिले. लिहिता येते.’

“तुम्ही... अर्ज न घेता?”

“तुला मेल केली होती.”

मेल आली होती. बाईंचं नाव पाहून त्याने ती न उघडताच पुसली होती.

दार चार महिने उघडं होतं. आणि तो बाहेर उभा राहून ते बंद आहे म्हणून सांगत फिरत होता.

पहिल्या नोंदीखाली चार महिने काहीच नव्हतं. मग एकदम आजची तारीख, सकाळी साडेनऊची वेळ. ‘या नावाखाली चार महिने एकही नोंद आली नाही. सगळे ठीक आहे असे मी समजले. विचारले नाही. भिवा काटे यांच्या मृत्यूत या न विचारण्याचा वाटा आहे. सुलभा ढवळीकर.’

ऋत्विजने ते दोनदा वाचलं.

“हे तुम्ही कशाला लिहिलंत?” तो कसाबसा म्हणाला. “हे चौकशीत वाचतील. तुमच्यावर येईल.”

बाईंनी कीबोर्ड त्याच्यासमोर सरकवला.

“लिही.”

“काय लिहू?”

“एंटर दाबण्याआधी वाचून दाखव.”

तो उभ्यानेच टाइप करू लागला.  

“तांत्रिक अडचणीमुळे इशारा पोहोचला नाही,” त्याने वाचलं.

“ही अडचण कुठे राहते?”

“म्हणजे?”

“उद्या चौकशी आहे. तिला बोलावून घेऊ. येसाजीऐवजी ती उभी राहील.”

त्याने दात आवळले, वाक्य पुसलं, दुसरं लिहिलं. “प्रोग्रॅममध्ये चूक राहून गेली.”

बाई हातावर हात ठेवून बसल्या होत्या. 

“राहून गेली...” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि ऋत्विज त्या आवाजाला वर्गातही घाबरायचा. “मी शिकवलेल्या मुलाने हे वाक्य लिहिलं. माझ्या समोर.”

 निघून जावं असं त्याला वाटलं. कीबोर्ड भिरकावावा असंही वाटलं. यांना माझा संताप दिसतो, माझी भीती का दिसत नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही त्याला राग आला.

मग त्याने लिहिलं. या वेळी वाचून दाखवलं नाही.

‘नोव्हेंबरमध्ये मी रागाने लॉगमध्ये लिहिणारी ओळ काढली आणि बिघाड झाला तरी अॅप गप्प राहील असे केले. इशारा गेला नाही तरी पडदा हिरवा होत होता. हे मला माहीत होते. येसाजी धोत्रे यांनी हिरवे पाहूनच दारे उचलली असणार. ऋत्विज कारखानीस.’

त्याने एंटर दाबलं. बाईंनी ते वाचलं आणि पडदा परत आपल्याकडे वळवला.

त्या दिवशी दुपारी त्याने मोबाइलवर संदेश पोचवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर दुसऱ्या सकाळी आलं. त्यांच्याकडे नोंद होती. दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी धरणाच्या सर्व्हरकडून अकरा गावांसाठी संदेश आला, पासवर्डची मुदत संपल्याने तो नाकारला गेला. म्हणजे येसाजीने बटण दाबलं होतं.

चौकशीत कंपनीचं उत्तर आणि लॉगमधल्या तिन्ही नोंदी वाचल्या गेल्या. येसाजी मागच्या बाकावर बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने ऋत्विजकडे पाहिलं, आणि ते पाहणं ऋत्विजला पेलवलं नाही.

हौसाबाईही आली होती. तिला लॉग कळला नाही, खातं कळलं नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती उठली आणि तिने एकच विचारलं, ते हिरवं कोणी रंगवलं.

साहेब तांत्रिक बाजू समजावू लागले. ऋत्विज उभा राहिला.

“मी,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने दिली नाही. पदर खोचला आणि बाहेर निघून गेली.

येसाजी पंधरा दिवसांत कामावर रुजू झाला. बाईंना ठपक्याचं पत्र मिळालं, त्यांनी ते फाइलला लावलं. ऋत्विजने अॅप नव्याने लिहिलं. आता बिघाड झाला की पडदा लाल होई, लॉगमध्ये नोंद पडे, आणि ड्यूटीवरच्या माणसाने गावोगाव फोन केल्याशिवाय दारं उचलता येत नसत.

महिन्याभराने मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं. त्याचं कंत्राट पुढे न्यायचं की नाही, हे वर ठरणार होतं. साहेब सहानुभूतीने बोलले. म्हणाले, चूक कोणाची होत नाही, पण त्या नोंदीतला ‘रागाने’ हा शब्द वाईट दिसतो. आणि ‘हे मला माहीत होते’ हे तर फारच. अनवधानाने झालं म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. येसाजी सुटलाच आहे, आता त्या नोंदीचं काम संपलंय. बाईंना विचारून पाहा, त्या अॅडमिन आहेत.

ऋत्विज दोन दिवस चरफडत राहिला. साहेबांवर, स्वतःवर, आणि सगळ्यांत जास्त बाईंवर. आपल्याला तो शब्द लिहायला लावणाऱ्या त्याच, आणि ठपका लागूनही सुखाने तापमानाचे आकडे लिहीत बसणाऱ्याही त्याच. तिसऱ्या दिवशी दुपारी तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

साहेब काय म्हणाले ते त्याने सांगितलं. 

“मी सगळं कबूल केलं,” तो म्हणाला. “भर सभेत केलं. त्यातून जे व्हायचं ते चांगलं झालं. आता ती एक ओळ... माझा जन्मभर पाठलाग करणार का ती?”

तो टेबलाशी वाकला.

“तुम्हाला पूर्ण अधिकार आहेत. एकच ओळ आहे. पुसा.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या खात्याने लॉग उघडला, जलइशारा शोधलं, आणि खुर्चीवरून उठल्या. खुर्ची त्याच्याकडे वळवून त्या बाजूला उभ्या राहिल्या.

“यात एक ओळ पुसायची सोय नसते. पुसायची तर माझ्या नोंदीसकट अख्खी वही पुसावी लागते,” त्या म्हणाल्या. “बस.”