साळूच्या परसातला सब्जा

जिथे गावाची पायवाट संपते आणि काळं रान सुरू होतं, अगदी तिथेच साळूचं घर होतं. घर कसलं, कुडाची इवलीशी खोपीच ती! वारा सुटला की खोपी कण्हायची, आणि खोपीच्या आत साळूची आई कण्हायची.

साळूची आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. साळू त्या डोक्यावर घेऊन गावात विकून यायची. पण आईला खोकला जडला आणि केरसुण्या बांधणारे तिचे चपळ हात अंथरुणावर गप्प पडून राहिले. साळू चूल फुंकता फुंकता मध्येच थांबायची आणि कान द्यायची. आई खोकत असली की तिला भीती वाटायची. आई गप्प असली की त्याहून जास्त भीती वाटायची.

तशी साळू भित्रीच होती, बरं का. रानाला भ्यायची, विजेला भ्यायची, आणि कोळ्याला तर इतकी भ्यायची की नुसतं जाळं दिसलं तरी डोळे मिटून घ्यायची.

एके दिवशी घरातली लाकडं संपली. आईसाठी पाणी तापवायलाही काटकी उरली नाही. मग काय करते बिचारी! भरदुपारी छातीशी दोर घट्ट धरून साळू काळ्या रानात शिरली. आत ऊनसुद्धा हिरवं हिरवं, थंडगार होतं. पाचोळा वाजला की तिचं काळीज लक्कन हलायचं. ती भराभर काटक्या वेचत होती, तेवढ्यात तिला रडू ऐकू आलं. किती बारीक रडू! काचेची काकणं किणकिणावी तसं.

करवंदीच्या जाळीत कोळ्याचं एक मोठं जाळं होतं. त्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकली होती! तिचे पंख पोपटी होते, कडांना सोनेरी झिलई होती, आणि अंगावर जांभळ्या फुलांचा झगा होता. वरच्या फांदीवरून मुठीएवढा काळाकुट्ट, केसाळ कोळी एकेक पाय टाकत तिच्याकडे उतरत होता.

साळू दोन पावलं मागे सरली. पाय म्हणाले, पळ! पण परीचं ते रडू काही थांबेना. साळूने ओठ दाताखाली धरले आणि काट्यांमधून हात आत घातला. कोळ्याचा एक पाय तिच्या मनगटावर टेकला, गार, खरखरीत. साळू किंचाळली. पण हात तिने मागे घेतला नाही. जाळं ओरबाडून परीला मुठीत धरलं आणि मगच ती मागे उडाली.

मूठ उघडली तर तळहातावर उजेडाचा थेंब पडल्यासारखी परी बसली होती.

"घाबरली होतीस ना गं, साळू?" परीने विचारलं.

"हो. खूप."

"मग हात कसा घातलास?"

"तू रडत होतीस ना," साळू म्हणाली.

परी गोड हसली. तिच्या हसण्याला ओल्या पानांचा सुवास होता. "माग माझ्याकडे काहीतरी."

"माझ्या आईचा खोकला बरा कर!"

परीने मान हलवली. "माणसाला बरं करणं माझ्या हातात नाही, सोनुले. मातीतून जे उगवतं, तेवढंच माझं."

साळूने थोडा विचार केला. "मग आईला बरं करील असं झाड दे. आमच्या परसात."

परीने झग्याच्या निऱ्यांमधून चिमूटभर काळंभोर बी काढलं आणि साळूच्या हातावर ठेवलं. "हा सब्जा. पण परीच्या बागेतला. याला पेरावं लागत नाही, जपावं लागत नाही. हा स्वतःच सांडतो आणि स्वतःच रुजतो. म्हणून नीट ऐक." परीचा आवाज हळू झाला. "तुरे धरले की ते हिरवे असतानाच खुडायचे. झाडावर वाळू द्यायचे नाहीत. आणि कुणी मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही, पानंही द्यायची आणि खुडलेले तुरेही. नाही म्हणालीस, तर सब्जा तुझं ऐकायचं सोडून देईल."

"आणि मग?"

"मग मला हाक मार. तुला आणखी एक इच्छा मागता येईल. पण दुसरी मागितलीस की पहिलीचं दिलेलं सगळं मी परत नेईन. तुझ्याकडे पानही उरणार नाही."

एवढं बोलून परी पानाआड गेली, आणि रानात पुन्हा नुसता हिरवा अंधार उरला.

साळूच्या परसात निव्वळ मुरूम होता. तिथे कधी मिरचीचं रोपसुद्धा तगलं नव्हतं. पण बी टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय! इवलीइवली रोपं, जशी हिरव्या मखमलीची बटणंच. बघता बघता ती गुडघ्याएवढी झाली. पानं तुकतुकीत, देठ जांभळट, आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळ्या खोपीभर घमघमाट!

साळूने पानं उकळून आईला काढा दिला. आईचा खोकला जरासा मऊ झाला. ती उठून बसली. साळूच्या केसांतून तिने हात फिरवला.

मग गावात बोभाटा झाला. थंडीचे दिवस, घरोघरी खोकला. कुंभाराची म्हातारी आली, धनगराची सून आली, देवळातले गुरव आले. साळू हसतमुखाने प्रत्येकाला ओंजळभर पानं द्यायची आणि वर हिरवे तुरेही ठेवायची. लोक काढा करायचे आणि उरल्या काड्या परसात, उकिरड्यावर, न्हाणीच्या पाण्यात फेकून द्यायचे. तुऱ्यांच्या बुडाशी एखाददुसरं बी तयार झालेलं असायचं, पण तिकडे कोण बघतं!

पण एका गारठ्याच्या सकाळी आईला पुन्हा ताप भरला. खोकल्याची उबळ आली की तिचे डोळे पांढरे व्हायचे. साळूने परसात धाव घेतली. रोपं खुडून खुडून बोडकी झाली होती. कोपऱ्यात एकच गच्च झुडूप उरलं होतं.

"हेही कुणी नेलं तर?" साळूच्या मनात आलं. आणि ती भीती एकदा आत शिरली ती बाहेर पडेना. तिने झुडपावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. वर फाटकं पोतं टाकलं. तुरे खुडले नाहीत. म्हटलं, बी धरू दे, म्हणजे पुष्कळ होईल, कधीच संपणार नाही.

डालग्याखाली तुरे पिकले. आधी पिवळे झाले, मग तपकिरी.

त्या संध्याकाळी शेजारची तानूकाकी आली. तिच्या कडेवर छोटी मैना होती, गाल तापाने लालबुंद.

"साळे, पोरीची छाती भरलीय बघ. थोडी पानं दे गं बाय."

साळूने डालग्याकडे पाहिलं नाही. तिने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "नाही काकी. संपला सब्जा."

 मैनाच्या डोक्यावर पदर ओढून तानूकाकी निघून गेली. आणि पाठीमागे, पोत्याखाली, काहीतरी सळसळलं.

सकाळी साळूला जाग आली ती काळोखात. उजाडलं कसं नाही? तिने दार ढकललं, ते उघडेना. जोर लावून फट केली, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

परस नव्हतंच! त्या जागी रान उभं होतं. सब्ज्याची खोडं मनगटाएवढी, उंची छपराच्या वर. पानांनी उजेड गिळून टाकला होता. सुवास इतका दाट, की श्वास अडकावा. वर तपकिरी तुरे खुळखुळत होते, आणि प्रत्येक खुळखुळाटाबरोबर बी सांडत होतं, पावसासारखं. दंवात भिजून ते बी फुगलं होतं. जमिनीवर सगळीकडे करडे, बुळबुळीत थेंब, आणि प्रत्येक थेंबाच्या मधोमध एक काळा ठिपका. जणू हजार डोळे साळूकडेच टकामका बघत होते!

बघता बघता त्या डोळ्यांतून कोंब फुटायचे. एक कोंब तिच्या पायाच्या बोटांशीच वर आला. एक फांदी कुडाच्या भेगेतून आत शिरली आणि आईच्या अंथरुणाकडे हळूहळू सरकू लागली.

साळू विळा घेऊन धावली. एक खोड कापलं, तर वरून ओंजळभर बी सांडलं आणि तिथे दहा कोंब आले. तिने विळा टाकून दिला.

तेवढ्यात बाहेरून तानूकाकीची हाक आली. आवाज चिरकला होता. "मैना! अगं मैने! साळू, माझी मैना तुझ्याकडे आलीय का गं? सकाळी अंथरुणात नव्हती. झोपेतही 'पाला पाला' म्हणत होती!"

आणि त्या हिरव्या अंधाराच्या पोटातून, कुठूनतरी खोलातून, बारीक खोकल्याचा आवाज आला.

साळूला कळून चुकलं. मैना पानं खुडायला आली होती. आपण नाही म्हणालो, म्हणून ती चिमुरडी एकटी आली होती!

साळू रानात शिरली. फांद्या तिचे केस धरायच्या, परकर ओढायच्या. घामेजल्या मानेवर बी पडायचं आणि तिथेच चिकटायचं. "मैना! ओ दे गं!" ती ओरडायची. खोकला कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. मग तो बारीक होत गेला. साळू हातांवर, गुडघ्यांवर रांगत पुढे गेली आणि एकदम थांबली.

मैना खोडांच्या मधोमध उभी होती. फांद्यांनी तिला कमरेपासून गळ्यापर्यंत वेढलं होतं. तिच्या चिमुकल्या मुठीत सब्ज्याची दोनच पानं होती. साळूने फांद्या ओढल्या, चावल्या, नखांनी ओरबाडल्या. त्या आणखीच आवळल्या.

"परी!" साळूने टाहो फोडला. "परी, ये गं!"

पानांत एक सोनेरी ठिणगी चमकली. परी आली होती. पण आज ती हसत नव्हती.

"दुसरी इच्छा मागायची आहे?" परीने हळूच विचारलं. "नीट विचार कर, साळू. सगळं जाईल. तुझी आई अजून बरी झालेली नाही."

पलीकडून, खोपीतून, आईची उबळ ऐकू आली. साळूने दोन्ही कान दाबून धरले. तिला आईचे पांढरे झालेले डोळे आठवले.  मग तिने मैनाकडे पाहिलं. मैनाला खोकायचं होतं, पण फांद्या तिला खोकूही देत नव्हत्या.

साळूने कानांवरचे हात काढले. "मैनाला सोडव," ती म्हणाली. "तिला तिच्या आईच्या कडेवर दे."

लख्खकन उजेड पडला. साळूने डोळे उघडले तेव्हा ती मुरमाड परसात एकटीच गुडघ्यांवर बसली होती. खोडं नाहीत, पानं नाहीत, बी नाही. कुंपणापलीकडे तानूकाकी मैनाला छातीशी धरून हुंदके देत होती.

साळू उठून तिच्याजवळ गेली. "काकी, काल मी खोटं बोलले. सब्जा होता माझ्याकडे. आईसाठी लपवला होता. आता... आता काहीच नाही."

तानूकाकीने तिच्याकडे पाहिलं.  मग ती मैनाला घेऊन गावाकडे चालू लागली.

साळू आईपाशी जाऊन बसली. आईचं अंग निखाऱ्यासारखं पोळत होतं. साळूने गार पाण्याची पट्टी ठेवली, ती लगेच तापली. तिने दुसरी ठेवली. तिच्याजवळ द्यायला दुसरं काहीच नव्हतं. ऊन दारातून आत आलं, भिंतीवर चढलं, आणि आईचा आवाज बारीक बारीक होत गेला.

मग बाहेर पावलं वाजली.

"साळे, दार उघड!"

दारात तानूकाकी होती. तिच्या ओच्यात हिरवीगार पानं होती! मागे कुंभाराची म्हातारी होती, धनगराची सून होती, गुरव होते. ज्याच्या त्याच्या हातात सब्ज्याची जुडी.

"अगं, सगळ्या गावात फिरले मी," तानूकाकी धापा टाकत म्हणाली. "कुंभाराच्या भट्टीमागे ढीग उगवलाय. धनगराच्या गोठ्यापाशी, देवळाच्या पन्हाळीखाली, जिकडे तिकडे. तण समजून कुणी बघितलंसुद्धा नाही! मैनाला पाजला काढा, आता झोपलीय. बघत काय उभी राहिलीस? चूल पेटव!"

"पण काकी, मी तुम्हाला नाही म्हणाले होते..."

"म्हणालीस खरी. मला राग आलाय. तो नंतर काढीन. आधी पाणी ठेव."

साळू रडत रडत हसली आणि चुलीकडे धावली.

काढा आईच्या पोटात गेला. दिवस बुडायच्या आत आईच्या कपाळाला घाम फुटला आणि तिचा श्वास शांत झाला. साळू पाणी सांडायला परसात आली, तो कुंपणावर परी बसलेली! मावळतीच्या उन्हात तिचे पंख झुळझुळत होते.

"परी, तू तर सगळं परत नेलंस ना? मग हे कुठून आलं?"

"मी तुला दिलं होतं ते परत नेलं, सोनुले. तू लोकांना दिलेलं माझं नव्हतंच. ते मला कसं नेता येईल?"

परीने साळूच्या ओरखडलेल्या गालावर ओठ टेकले. मग ती उजळत गेली, आधी पंख, मग झगा, मग ते गोड हसू, सगळं सोनेरी सोनेरी होत उन्हात विरघळलं. मुरमाचा खडान् खडा क्षणभर चमकला आणि पुन्हा साधा झाला.

"साळू," आतून आईची हाक आली, स्वच्छ, न खोकता. "भूक लागली गं. भाकरी आहे का थोडी?"

साळू धावत आत गेली.